हिरा घरी बसवण्याबाबत

तयार चांदीची अंगठी आणि सुटा हिरा आणून तो घरीच पक्कडीने नख्यांत (हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या बारीक आकड्यांत) दाबून बसवावा, अशी सूचना कधीकधी केली जाते; ती खर्चाच्या दृष्टीने आकर्षक असली, तरी तीत एक धोका आहे. खनिजांचे काठिण्य 1 ते 10 अंकांत सांगणाऱ्या मोस मापनश्रेणीवर हिऱ्याचे काठिण्य 10 असते, म्हणजे त्यावर सहसा ओरखडा उमटत नाही. परंतु त्याच्या स्फटिकात चार दिशांना सहज दुभंगणारी प्रतले असल्यामुळे चुकीच्या जागी पडलेल्या दाबाने पातळ कडेचा टवका उडू शकतो. शिवाय चांदी मऊ असल्याने तिच्या बारीक नख्या रोजच्या वापरात झिजतात आणि वाकतात. चांदीच हवी असेल, तर हिऱ्याला सर्व बाजूंनी कडे घालणारे कोंदण अधिक सुरक्षित ठरते. हिरा बसवल्यानंतर डाख देण्याचा (धातू तापवून, वितळलेल्या मिश्रधातूने सांधण्याचा) मोह मात्र टाळावा, कारण हिरा म्हणजे शेवटी कार्बनच, आणि उघड्या हवेत अतिउष्णतेने त्याचा पृष्ठभाग जळून धुरकट होतो.

माझ्या मते स्वतःच्या हातांनी करण्याजोगा खरा भाग मेणकामाचा आहे: कठीण मेणात अंगठीचा नमुना कोरावा, आणि त्यावरून धातूत ओतण्याचे काम व हिऱ्याचे जडणकाम सोनाराकडे सोपवावे. बचत दगडाच्या निवडीत अधिक होते. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा रासायनिकदृष्ट्या हिराच असतो आणि तुलनेने बराच स्वस्त पडतो. तसेच 1 कॅरेटऐवजी (कॅरेट हे इथे हिऱ्याच्या वजनाचे एकक) 0.90 कॅरेटचा गोल हिरा घेतल्यास व्यासात जेमतेम पाव मिलिमीटरचा फरक पडतो, जो बोटावर कोणाच्याही लक्षात येत नाही.