लेसोथोमधील खुनांच्या दराचा आलेख : मदत हवी आहे

नमस्कार. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या लेसोथो या डोंगराळ देशातील खुनांच्या दरावर मी एक लेख लिहीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार 2015 च्या सुमारास हा दर लाखामागे 40 च्या वर होता. भारताचा त्याच काळातील दर साधारण 3 आहे. 2016 च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे 20 लाख भरली, म्हणजे वर्षाला निदान आठशे माणसे मारली जात होती.

लोकसंख्या लहान असल्यामुळे हा निव्वळ योगायोगाचा चढउतार असेल, अशी शंका मला प्रथम आली. सेशेल्ससारख्या लाखभर वस्तीच्या देशात एका खुनाने दर एकाने वाढतो, तेथे ती रास्त ठरते. पण आठशेच्या संख्येत योगायोगाने पडणारा फरक पन्नास-साठच्या आसपास, म्हणजे दरात जेमतेम तीनचा असतो. त्यामुळे एवढा मोठा दर योगायोगावर ढकलता येत नाही, असे माझे मत झाले आहे.

खरी अडचण खून कशाला म्हणावे याची आहे. आपल्याकडे खून आणि सदोष मनुष्यवध वेगळे मोजतात, तर संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या वर्गीकरणात जबर मारहाणीतून झालेला मृत्यूही हेतुपुरस्सर हत्येत धरतात आणि युद्धातील मृत्यू वगळतात. मग 1998 च्या निवडणुकीनंतर दक्षिण आफ्रिका व बोत्सवाना यांचे सैन्य लेसोथोत शिरले, तेव्हा मेलेल्यांना कोठे मोजावे? शिवाय जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे गणिती प्रारूपावरून काढलेले अंदाज असतात. ते पोलिसी नोंदींच्या रेषेला जोडणे मला तरी पटत नाही.

कारणांविषयीही विचारायचे आहे. अकॉर्डियनवर गायल्या जाणाऱ्या फामो संगीताभोवती तेथे टोळ्या उभ्या राहिल्या असून अंगावरच्या घोंगडीच्या रंगावरून माणूस कोणत्या टोळीचा ते ओळखतात. थंडीत पांघरायची घोंगडी जिवावर बेतावी, हे वाचून मी फार अस्वस्थ झालो. 2024 मध्ये सरकारने अशा अनेक गटांवर बंदी घातली. 1990 नंतर दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतून हजारो बासोथो (लेसोथोतील) कामगारांची कपात झाली. तिचा या हिंसेशी असलेला संबंध आकड्यांतून दाखवता येईल का?

गुन्हेविषयक आकडेवारीवर काम केलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे : नोंदी नसलेल्या वर्षांत रेषा तुटकच ठेवावी, की दोन्ही स्रोतांच्या दोन स्वतंत्र रेषा एकाच आलेखावर काढाव्यात?