मदत हवी आहे: कॉलेजातलं संशोधन गावाला कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा. आमच्या कॉलेजात विद्यार्थी-प्राध्यापकांच्या संशोधनाचं प्रदर्शन भरवायचंय. विषय भलतेच वेगवेगळे. रसायनशास्त्रवाले हळदीतलं कर्क्युमिन (तिला पिवळा रंग देणारा घटक) मोजतात, इतिहासवाले हरिपूरच्या पेवांच्या, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांच्या, नोंदी करतात. भूगोलवाल्यांकडे २०१९ च्या महापुराचे नकाशे, तर एक जोडी मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा कसा वाळवतात ते टिपतेय. (मला विचाराल तर हेच सगळ्यात भारी!)

विभागवार मांडलं तर कंटाळवाणं होईल. हळद, कृष्णा, मिरजेची वाद्यं असे विषयवार कोपरे केले तर? पण मग गणिताच्या सरांचं शुद्ध बीजगणित कुठं बसवू? शिवाय पोस्टर सगळी इंग्रजीत; शेतकरी पालकांना कळेल असं मराठी कोण करून देईल, विद्यार्थी की प्राध्यापक? कुणी असं काही केलंय का? फोटो असतील तर टाका.