सोव्हिएतनं जगाला दिलं काय? फक्त रांगा?

बाराबंदी:
मिग-२१च्या निवृत्तीच्या धाग्यावर 'मोकळाबाजार' यांनी एक पिंक टाकली होती: "सत्तर वर्षांत सोव्हिएत युनियननं जगाला तीन गोष्टी दिल्या. एके-४७, चेर्नोबिल आणि पावाची रांग. बाकी सगळी पश्चिमेची कॉपी." तिथं दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो, त्या आवरेनात, म्हणून वेगळा धागा.

आधीच सांगून टाकतो, मी लाल झेंडेवाला नाही. घरात तीन पिढ्यांची दुकानदारी आहे, क्रांती झाली असती तर पहिल्या यादीत आमचंच नाव असतं. पण "सगळी कॉपी"?

१९६८ साली मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेनं जाहीर केलं की आमच्या टी-३ टोकामाकात, म्हणजे अणू एकत्र जोडून ऊर्जा काढायच्या कड्याच्या आकाराच्या चुंबकी भट्टीत, प्लाझ्मा (अतितप्त वायू) एक कोटी अंशांच्या घरात तापला. पश्चिमेत कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा तिथल्या संशोधनाचा प्रमुख आर्त्सिमोविच यानं इंग्रजांनाच बोलावणं धाडलं, या आणि तुमच्या हातानं मोजा. ऐन शीतयुद्धात, १९६९ला, ब्रिटनच्या कल्हम प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ आपली लेझरची यंत्रं घेऊन मॉस्कोला गेले, मोजलं, आणि आकडा खरा निघाला. मग अमेरिकेनं प्रिन्स्टनमधलं स्वतःचं स्टेलरेटर, त्याच कामाचं पण वेगळ्या घडणीचं यंत्र, मोडून त्याचं टोकामाक केलं. आज फ्रान्समध्ये इटर ही अनेक देशांची मिळून भट्टी उभी राहतेय, आपणही त्यात भागीदार आहोत, तेही टोकामाकच. आता कॉपी कुणी कुणाची केली?

रडारला न दिसणारं अमेरिकेचं एफ-११७ घ्या. त्याच्या मुळाशी सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव्हचं १९६२चं गणित आहे. २०२४पर्यंत अमेरिकन लष्कराचे उपग्रह वर नेणारं ॲटलास-५ रॉकेट घ्या, खाली इंजिन रशियन, सोव्हिएत काळातल्या आरडी-१७०चं धाकटं भावंड. आणि २०११ ते २०२० नासाचे अंतराळवीर स्थानकावर जात कशानं होते? सोयुझनं, तिकीट काढून.

देवीच्या रोगाचं तर विचारूच नका. १९५८ला मिनियापोलिसच्या जागतिक आरोग्य सभेत देवी जगातून घालवायचा प्रस्ताव मांडला तो सोव्हिएत आरोग्य उपमंत्री व्हिक्टर झ्दानोव्हनं. तोही थॉमस जेफरसननं देवीची लस शोधणाऱ्या जेन्नरला लिहिलेलं पत्र वाचून दाखवून. कोट्यवधी मात्रा फुकट दिल्या, भारतालाही. माझ्या दंडावर तो वण आहे. तुमच्याही असेल, वय लपवत नसाल तर.

मोकळाबाजार:
पिंक नव्हे, मत होतं. आणि तुमचं वाचून ते पक्कं झालं. उफिम्त्सेव्हचा दाखला माझ्याच बाजूनं दिलात, आभारी आहे. त्यांच्याच लोकांना तो निबंध लष्करी कामाचा वाटला नाही, म्हणून बिनदिक्कत छापू दिला. लॉकहीडवाल्यांनी भाषांतर वाचलं आणि विमान बनवलं. घरात सोनं होतं, मालकानं ते भंगारात घातलं. कौतुक मालकाचं की भंगारवाल्याचं?

कॉपीची यादी हवी तर घ्या. १९४४ला काही अमेरिकन बी-२९ बाँबर विमानं जपानवर बाँब टाकून परतताना व्लादिवोस्तोककडे उतरली. एक पार सुटं केलं, स्क्रू न् स्क्रू मोजून टीयू-४ बनवलं. संगणकात तर याहून वाईट. लेबेदेव्हचा बेसेम-६ अस्सल होता. ब्रुसेन्त्सोव्हनं १९५८ला मॉस्को विद्यापीठात 'सेतून' बनवला, शून्य-एक सोडून तीन अवस्थांवर चालणारा. हे सगळं हाताशी असताना साठच्या दशकाच्या अखेरीस सरकारनं ठरवलं की आयबीएम-३६०ची नक्कल करायची. तिथून कायमचे मागे पडले.

आणि माणसं? कोरोल्योव्ह, ज्यानं स्पुत्निक आणि गागारिन वर पाठवले, तो सायबेरियातल्या कोलिमाच्या कैदी छावणीत होता, दात गेले स्कर्व्हीनं. विमानं बनवणारा तुपोलेव्ह आत. भौतिकशास्त्रज्ञ लांदाऊ वर्षभर आत. वाविलोव्ह, ज्यानं जगभर फिरून बियाणं गोळा केलं, तो १९४३ला सारातोव्हच्या तुरुंगात मेला, कारण आनुवंशशास्त्रच नाकारणाऱ्या लिसेन्कोचं शास्त्र सरकारला गोड लागत होतं. तुमच्या कीर्तिस्तंभाचा पायाच तुरुंगात आहे, साहेब.

पेठी_पेन्सिल:
अमेरिकेनं अंतराळात चालणाऱ्या पेनवर लाखो डॉलर उधळले, रशियनांनी पेन्सिल वापरली. विषय संपला. :)

चष्मिस:
हे व्हॉट्सॲपवर शोभतं, इथं नको. फिशर कंपनीनं ते पेन स्वतःच्या खर्चानं बनवलं. नासानं नंतर विकत घेतलं. आणि १९६९ला सोव्हिएतांनी तेच पेन घेतलं, शंभर नग. पेन्सिलीचं टोक तुटलं की शिशाचा तुकडा केबिनमध्ये तरंगत डोळ्यात नाहीतर यंत्रात जातो, म्हणून त्यांनाही पेन्सिल नकोच होती.

पेठी_पेन्सिल:
आयडी बदलावा लागणार.

ओझरकर:
माझे बाबा ओझरला मिग जोडायचे. 'कॉपी' म्हणणाऱ्यांनी एकदा ते इंजिन सुरू होताना शेजारी उभं राहून दाखवावं. पुढं बोलत नाही, शिव्या येतील.

सुईदोरा:
यंत्रांतलं मला कळत नाही. पण हाडांचा डॉक्टर इलिझारोव्ह, त्याचं नाव कुणीच काढलं नाही, म्हणून लिहिते.

१९९७ साली माझ्या भावाच्या पायावरून ट्रॅक्टरचं चाक गेलं. हाड जुळलं, पण पाय पाच सेंटीमीटर आखूड. डॉक्टर म्हणाले, रशियन रिंग बसवू. नडगीभोवती चार लोखंडी कडी, कड्यांतून हाडात आरपार गेलेल्या तारा, सायकलच्या स्पोकसारख्या ताणलेल्या, आणि कडी एकमेकांना जोडणारे आटे पाडलेले गज. गजांवरचा नट दिवसातून चारदा पाव-पाव फेरा फिरवायचा. चार पाव मिळून एक मिलिमीटर. हाड मुद्दाम कापून ठेवलेलं असतं, त्या फटीत नवं हाड भरत जातं.

डॉक्टरांनी आईच्या हातात दहा नंबरचा पाना दिला. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. पन्नास दिवस. आई दर फेऱ्याला भिंतीवरच्या कालनिर्णयवर एक रेघ ओढायची, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. भाऊ रात्री बाराच्या फेऱ्याला दात आवळून पडायचा. पँटची बाहेरची शिवण उसवून मी नाड्या लावल्या होत्या. नंतर हाड कडक व्हायला अजून सहा महिने. आज तो वर्षातून एकदा तरी पन्हाळगड ते पावनखिंड चालतो. आता सांगा, पावाची रांग.

बाराबंदी:
ताई, टोकामाक राहू दे, हे वर घ्यायला हवं होतं.

मोकळाबाजार:
सुईदोराताई, तुमच्या आईंना नमस्कार. हे मनापासून. पण इलिझारोव्हची पूर्ण गोष्ट कुणी सांगणार आहे का? तो मॉस्कोचा नव्हेच. सायबेरियात कुर्गानजवळच्या दोलगोव्हका नावाच्या खेड्यातला डॉक्टर. पन्नासच्या दशकात उपकरण तयार, आणि मॉस्कोचे मोठे शल्यविशारद त्याला 'फिटर' म्हणून हिणवत. दहा-पंधरा वर्षं कुणी विचारलं नाही. ऑलिंपिक सुवर्णपदकवाला उंच उडीपटू ब्रुमेल १९६५ला मोटारसायकलवरून पडला, ढीगभर ऑपरेशनं झाली, शेवटी १९६८ला कुर्गानला गेला आणि बरा होऊन पुन्हा दोन मीटरवर उडाला. तेव्हा कुठं डोळे उघडले. बाहेर गेलं तेही इटलीमार्गे, कार्लो माउरी नावाचा गिर्यारोहक १९८०ला तिथं जाऊन पाय बरा करून आला म्हणून. हे व्यवस्थेमुळे झालं नाही, व्यवस्था असूनही झालं.

हाडवैद्य:
गाडी माझ्या गल्लीत आली म्हणून. हाड वाढतं हा शोधच अपघाती, असं सांगतात. गज आवळून हाडाची टोकं जवळ आणायची होती, एका रुग्णानं नट उलटा फिरवला, टोकं लांब गेली आणि एक्स-रेमध्ये फटीत नवं हाड दिसलं. पेशंटनं सूचना न पाळल्याचा हा एवढा एकच फायदा मला माहीत आहे.

मोकळाबाजारांशी अर्धा सहमत. त्याच व्यवस्थेनं १९७१ला त्याच खेडवळ 'फिटर'साठी कुर्गानला संशोधन संस्था काढली आणि पुढं ती अवाढव्य वाढवली, हे मात्र ते विसरले. आणि काय हो, पश्चिमेत हे उपकरण का सुचलं नाही? तिथं महागड्या प्लेटा आणि खिळे विकणाऱ्या कंपन्या होत्या. कडी आणि तारा विकून कुणाचं भलं होणार?

नाना_गिरगाव:
डॉक्टर, भलं होतं! माझ्या मेव्हण्याला एका रुग्णालयानं त्याच कड्यांचं 'भाडं' लावलं, दर महिन्याचं वेगळं, आणि काढल्यावर परत घेतली ती घेतलीच. पुढच्याला पुन्हा भाड्यानं दिली असणार. आणि विषय निघालाच आहे तर, आमची इमारत रीडेव्हलपमेंटला जाऊन नऊ वर्षं झाली, बिल्डर भाडंही देत नाही आणि घरही. ख्रुश्चेव्हनं पाच मजली, बिनलिफ्टची का होईना, लाखो कुटुंबांना घरं दिली.

मोकळाबाजार:
डॉक्टरसाहेब, 'कंपन्या वाईट' हे शाळकरी उत्तर झालं. नट उलटा फिरवणाऱ्या पेशंटचं श्रेय आता पॉलिटब्युरोला देणार का?

हाडवैद्य:
शाळकरी? वीस वर्षं लोकांची हाडं जोडतोय. तुम्ही किती जोडलीत?

चष्मिस:
पॉपकॉर्न कुठाय?

वैजू:
पुरुष मंडळींची रिंग सुटली असेल तर बायकांकडे वळू? १९२०ला कायदेशीर गर्भपात, जगात पहिल्यांदा. निम्म्याहून जास्त डॉक्टर बायका. तेरेश्कोवा १९६३ला अंतराळात, अमेरिकेची सॅली राइड वीस वर्षांनी. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं १९७१ला, तिकडे १९१७ला. आणि ९ ते ४९ वयातली साक्षरता १८९७च्या २८ टक्क्यांवरून १९३९ला ८७.

मोकळाबाजार:
गर्भपाताचा हक्क १९३६ला काढून घेतला, तो १९५५पर्यंत दिला नाही, हे लिहायचं राहिलं? तेरेश्कोवानंतर दुसरी बाई पाठवायला १९ वर्षं लावली. सवित्स्काया १९८२ला साल्युत अंतराळस्थानकावर पोचली तेव्हा आतल्या पुरुषांनी तिच्यासाठी एप्रन तयार ठेवला होता, स्वयंपाकघर तुझंच म्हणून. आणि साक्षरता १९३९ची सांगताय, १९३७ची जनगणना कुठं गेली? स्तालिनला आकडे आवडले नाहीत, दडपली आणि करणाऱ्यांनाच अटक. लोकसंख्या कमी भरली होती ना, १९३२-३३च्या दुष्काळातली माणसं मोजायला शिल्लकच नव्हती.

वैजू:
एप्रनचं माहीत नव्हतं. हे वाचून जितका राग आला तितका तुमच्यावर पण आलाय, कारण खरं आहे.
पण मग अमेरिकेनं एप्रन तरी कधी उतरवला होता? १९६२ला नासानं बायकांना सरळ कळवलं की आम्ही लढाऊ जेटचे चाचणी वैमानिकच घेतो, आणि ते काम बायकांना मिळतच नव्हतं.

मोकळाबाजार:
बरं. बायकांच्या बाबतीत दोघंही सारखेच नालायक, हे मान्य. देवीही मान्य, अर्धी. झ्दानोव्हनं प्रस्ताव मांडला, लस दिली, कबूल. पण मोहीम चालवली हेंडरसन या अमेरिकनानं, आणि लस टोचायची दोन टोकांची सुई आली ती अमेरिकन वाएथ कंपनीची. शिवाय त्याच सोव्हिएतांनी देवीचं हत्यार बनवायचा उद्योगही केला. १९७१ला कझाकस्तानातल्या अराल्स्कला देवीची साथ आली, दहा जणांना लागण, तिघं मेले, आणि ती लपवली.

बाराबंदी:
लस त्यांची, सुई यांची. एवढं कबूल करवून घ्यायला पाव दिवस गेला. टोकामाकवर मात्र तुम्ही अजून गप्प आहात.

मोकळाबाजार:
टोकामाक दिलं. ठेवून घ्या, विजेचं बिल कमी आलं की कळवा.

संपादक:
हाडवैद्य आणि मोकळाबाजार यांचे मधले पाच प्रतिसाद उडवले आहेत. रिंगबाहेर या.

बाराबंदी:
सुईदोराताई, एक राहिलं. तो पाना अजून आहे का? रशियन होता?

सुईदोरा:
आहे ना. आई शिलाई मशीनच्या पायट्याचा नट त्यानंच आवळते. आत्ता फोन करून बघायला लावलं. म्हणाली, त्यावर जालंधर लिहिलंय.