बर्लिनमध्ये स्वस्त ताजी भाजी कुठे मिळेल?

प्रश्न: नॉयकोल्नला राहायला आलोय. भारतीय दुकानातली मेथी, भेंडी परवडत नाही. रोजच्या भाजीला पर्याय सुचवा.

प्रतिसाद १: नॉयकोल्नमधल्याच मायबाखउफर या कालव्याकाठच्या रस्त्यावरचा तुर्की बाजार! मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो. बाजार उठायच्या आधीच्या तासाभरात जा, उरलेला माल पडत्या भावात काढतात. पेटी घेणार असाल तर तळापर्यंत बघा; खाली पिचलेले टोमॅटो निघाले की दोन दिवसांत सगळी पेटी नासते. सुटे युरो न्या.

प्रतिसाद २: तुर्की दुकानांत शेपूची जुडी 'डिल' नावाने वर्षभर मिळते, उन्हाळ्यात घोळही. नवलकोल पाल्यासकट घ्या. पाला टवटवीत म्हणजे गड्डा ताजा. घरी आल्याआल्या पाला कापून वेगळा ठेवा, नाहीतर तो गड्ड्यातलं पाणी ओढतो. पाल्याची लसूण-मिरची घालून परतून सुरेख भाजी होते, टाकू नका हो!

प्रतिसाद ३: मेथी घरीच लावा. मसाल्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवून, १० सेंमी खोल ट्रेमध्ये अर्धा सेंमी मातीखाली पेरा. तळाला भोकं हवीतच. पाणी साचलं की रोपं बुडाशी कुजतात. दक्षिणेच्या खिडकीत चारेक आठवड्यांत खुडायला येते. हिवाळ्यात मात्र उजेडाअभावी नुसती लांबुडकी होऊन आडवी पडते.