चिरनेरच्या निसर्गफेरीत मूठभर गवत कापावं का?

रानफेरी
२५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळच्या चिरनेरला, अक्कादेवीच्या माळावर, जंगल सत्याग्रहींवर (इंग्रजांचा जंगल कायदा उघडपणे मोडणाऱ्यांवर) गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही मारले गेले. त्या वाटेने निसर्गफेरी काढायची आणि चालता चालता सविनय कायदेभंग योग्य की अयोग्य यावर बोलायचं, असा बेत आहे. २० जण, एक वाटाड्या पुढे, एक शेपटीला. सकाळी साडेसहाला सुरुवात, साडेनऊच्या आत परत, कारण त्या दिवसांत दहानंतर ऊन आणि दमट हवा दोन्ही असह्य होतात. एकामागोमाग एक चढताना चर्चा होत नाही, मागच्याला पुढचं ऐकूच येत नाही. म्हणून बोलणं फक्त तीन थांब्यांवर: हुतात्मा स्मारक, चढावरची झाडी आणि वरचा माळ. माळावर ज्याची इच्छा असेल त्याने त्या सत्याग्रहाची खूण म्हणून मूठभर गवत कापावं, असं मला वाटतं. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

कलम २६
विरोध आहे. आधी ती जमीन कोणाची ते बघा: राखीव वन, संरक्षित वन, खाजगी की गायरान. सातबारा काढा, वनखात्याच्या नकाशावर कंपार्टमेंट नंबर (वनाच्या तुकड्याचा क्रमांक) जुळवा. राखीव निघाली तर भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ लागतं. म्हणजे १९३० साली लोकांनी मोडला तो हाच कायदा, मूळ मजकुरात सहा महिने कैद किंवा ५०० रुपये दंड किंवा दोन्ही.

आता नैतिक बाजू. सविनय कायदेभंग उघडपणे करावा लागतो, अहिंसक असावा लागतो, मोडलेला कायदा अन्यायी आहे असा दावा असावा लागतो, आणि शिक्षा भोगायची तयारी लागते. तुमच्या फेरीत पहिल्या दोन गोष्टी आहेत. तिसरी कुठे आहे? त्या गवतावाचून कोणाचं जनावर उपाशी आहे? चौथीबद्दल बोलायलाच नको, बाराच्या लोकलने सगळे घरी.

पवना
गवताच्या बाजूने थोडं. वीस मुठी म्हणजे धड एक भाराही नाही, माळाला त्याचा पत्ता लागणार नाही. नुकसान होतं ते वीस जण वाट सोडून गोल करून उभे राहतात तेव्हा. सप्टेंबरअखेर बरीच गवतं फुलोऱ्यात किंवा बी धरायच्या बेतात असतात. तुडवलेली ताटं आडवी झाली की बी पिकत नाही, आणि ओली माती दाबली गेली की पुढच्या वर्षी तिथे टक्कल दिसतं. हाताने उपटाल तर मुळासकट येईल, म्हणून विळा लागणार. आणि नवख्या वीस माणसांच्या हातात विळे देऊन त्यांना गुडघाभर गवतात वाकायला लावायचं, तेही रायगडात, जिथे फुरसं, हा विषारी साप, नेमकं अशाच जागी बसलेलं असतं? पर्यावरणाचं कारण पुढे करून विरोध करू नका, तो टिकणार नाही. अपघाताचं कारण मात्र खरं आहे.

वऱ्हाडी
मूठभर गवताला नाटक म्हणणाऱ्यांनी पुसद आठवावं. १० जुलै १९३० ला बापूजी अण्यांनी तिथे जंगल सत्याग्रह सुरू केला. वऱ्हाडात समुद्र नाही, मीठ कुठून आणणार? म्हणून जंगलचा कायदा निवडला. जुलैत गवत कापणीला आलेलंही नसतं. तेव्हा त्या दिवशी कोणाच्या गोठ्यात चारा पडावा म्हणून ते कापलं नव्हतं. दांडीला उचललेलं मीठ तरी किती होतं? प्रतीक हीच त्या लढ्याची रीत होती.

कलम २६
बरोबर, पण अणे तुरुंगात गेले. ती किंमत मोजली म्हणून त्या मुठीला वजन आलं.

शिवाय चिरनेरचा खरा धडा वेगळाच आहे. झाडं तोडायला कोयते-कुऱ्हाडी लागतात, आणि जमाव मोठा असला की बंदोबस्तावरच्या माणसाला हत्यार आणि अवजार यात फरक दिसत नाही. त्या दिवशी मामलेदार जोशीही मारले गेले. पुढारी आधीच उचलले गेले असतील तर जमावाला आवरणार कोण, हा प्रश्न तिसऱ्या थांब्यावर घ्या. गवत राहू द्या.

तळ्याकाठी
याच जिल्ह्यातलं महाड कोणी काढत कसं नाही? मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायले ते कायदा मोडून नव्हे. मुंबई विधिमंडळाच्या १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे खुले झाले होते, नगरपालिकेचाही ठराव होता. डिसेंबरात लोक पुन्हा जमले तेव्हा कोर्टाचा मनाई हुकूम आला होता, आणि बाबासाहेबांनी तो पाळला. हायकोर्टाचा निकाल बाजूने लागायला १९३७ उजाडलं. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी सांगितलं की सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार, कायदेभंग सोडून द्यायला हवेत. चर्चा करायची तर मोडायचं कधी नाही, यावरही करा.

रानफेरी
दहा वर्षं तळं वाट बघू शकतं, झाडं नाही. मुंबईतलं आरे घ्या, तिथे मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची होती. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं गेली होती. आडवे आलेल्या २९ जणांना अटक झाली, सरकारी कामात अडथळ्याचं कलम ३५३ लागलं. त्यांनी सनदशीर मार्ग सोडला होता असं म्हणणार का?

तळ्याकाठी
नाही म्हणणार. पण उदाहरण तुमच्या विरोधात जातंय. आरेत लोक डोळ्यांसमोर चाललेली तोड अडवत होते, ३५३ अन्यायी आहे असं कोणाचं म्हणणं नव्हतं. चिरनेरला वादातला कायदाच मोडला. तुमच्या माळावर दोन्ही नाही.

बिनपासाचा
गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचा विषय दुसऱ्या थांब्यावर घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल) म्हणून स्पष्ट लिहिलंय. गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, तरी वनखातं बांबूचा वाहतूक परवाना देईना. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. कायदा मोडत कोण होतं, गाव की खातं? या प्रश्नावर वीस जणांत हमखास दोन तट पडतात. पंधरा मिनिटं पुरे, त्यापुढे लोक मोबाइल काढतात.

आणि गवताचं म्हणाल तर, चिरनेरच्या आठांत नाग्या महादू कातकरी होता. आज जळणाची मोळी अडवली जाते ती कातकरणीची. तिला हिशेब द्यावा लागतो त्याच रानात पाहुण्यांनी हौसेने विळा चालवायचा आणि फोटो टाकायचा? आधी तिथल्या कातकरीवाडीला विचारा.

रानफेरी
विळे रद्द. वाडीत या आठवड्यात जाऊन विचारतो. कोणी वाटाड्या म्हणून यायला तयार असेल तर फीचा अर्धा वाटा त्याचा. पण ते स्वतः म्हणाले कापा, तर मी कापणार, आणि वनरक्षकाला आदल्या दिवशी लेखी कळवून कापणार.

कलम २६
लेखी कळवलंत तर माझा अर्धा आक्षेप गेला. पत्रात बाकीच्या एकोणीस जणांची नावं घालू नका, ज्याने त्याने आपली सही आपण करावी. अठराच्या आतलं कोणी असेल तर त्याला स्मारकाच्या पुढे नेऊ नका.

वऱ्हाडी
एकट्याने कापलं तरी चालेल. पण कापा.