अमीर खाँसाहेबांचा मारवा आणि रविवारची बैठक

अ-४०२: काल दिवेलागणीला ब विंगमधून कुणाचं गाणं येत होतं? भाजी घेऊन वर चढत होते, जिन्यातच थांबले.

ब-३०१: काकू, आमच्याकडचं. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा राग मारवा. १९६० सालची रेकॉर्ड. आवाज मोठा झाला का?

अ-४०२: छे! अजून थोडा मोठा चालला असता.

क-१०४: आपल्या इंदूरचेच ना ते?

ब-३०१: हो, इंदूर घराणं त्यांच्याच गायकीवरून ओळखलं जातं. वडील शाहमीर खाँ इथे होळकर दरबारात सारंगिये होते. संथ लय खाँसाहेबांनी अब्दुल वहीद खाँकडून उचलली, तानेचं वळण देवासच्या रजब अली खाँकडून.

सध्या दुसरं काही लावावंसंच वाटत नाही मला. मारव्यात पंचम, म्हणजे प, नाही; रिषभ, म्हणजे रे, कोमल. आणि षड्ज, म्हणजे सा, जिथे कान सारखा जाऊ बघतो, तिथे खाँसाहेब लवकर टेकतच नाहीत. रे आणि ध यांच्यातच फिरत राहतात. दारापर्यंत नेतात आणि आत न शिरता परत वळवतात. ठेका झुमरा, १४ मात्रांचा, पण इतका सावकाश की समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघताना आपला श्वासही लांबतो. एवढं थांबवून शेवटी षड्ज लागतो ना, तेव्हा डोळ्यांत पाणी येतं माझ्या.

क-२०३: दादा, मला शास्त्रीयातलं ओ की ठो कळत नाही. मी गेम खेळणारा माणूस.

ब-३०१: मग तुला हे नक्की आवडेल. सा, रे, ग असे तीनच स्वर घे आणि क्रम बदलत जा. सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. झाले ६. चार स्वरांचे २४ होतात, पाचांचे १२०, सातांचे ५०४०. याला मेरुखंड म्हणतात. १३व्या शतकातल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथातही हे गणित आहे. खाँसाहेबांनी याचा प्रचंड रियाज केला होता. गाताना मात्र रागाला शोभतील तेवढेच क्रम घेतात. एक आलाप कान देऊन ऐक: तेच चार स्वर परत येतात, पण मागच्या वाटेने कधीच नाही.

क-२०३: ५०४०?! वहीत मांडून बघतो आज.

अ-१०२: सिनेमातही गायलेत ना?

ब-३०१: हो काका, १९५२चा ‘बैजू बावरा’. परवाच पुन्हा पाहिला. तानसेनाला खाँसाहेबांचा आवाज, बैजूला द. वि. पलुसकरांचा, राग देसी, संगीत नौशादांचं. गोष्टीत दोघांचा गाण्याचा सामना होतो आणि तानसेन हरतो. एवढा मोठा गवई, पण हरणाऱ्याचा आवाज व्हायला तयार झाला, आणि पूर्ण ताकदीने गायला! मला याचं फार अप्रूप वाटतं. पलुसकर १९५५ साली गेले, अवघे ३४ वर्षांचे. त्या दोघांना एकमेकांसमोर ऐकायचं तर हेच गाणं आहे आपल्याजवळ.

अ-१०२: सकाळी फिरताना कानात घालून ऐकलं तर चालेल का?

ब-३०१: सिनेमातलं खुशाल ऐका. मारव्यासाठी मात्र संध्याकाळीच बसा काका, आणि मोबाइल लांब ठेवून. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाहीये असं वाटतं, माणूस तिथेच उठतो. पण पुढचं सगळं तिथेच रचलं जात असतं.

अ-४०२: एकत्र ऐकू या का? आमच्याकडे सतरंज्या आहेत.

ब-३०१: नेकी और पूछ पूछ! प्लेअर मी घेऊन येतो. सेक्रेटरीसाहेब, हॉल?

सेक्रेटरी: रविवारी संध्याकाळी रिकामा आहे. सहाला किल्ली वॉचमनकडून घ्या.

क-१०४: पोहे आमच्याकडून. वर शेव आणि जिरावण मसाला.

ब-३०१: वहिनी, पोहे गाणं झाल्यावर ठेवू या. मध्ये प्लेटांचा आवाज नको.

क-२०३: रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला काय आहे?

ब-३०१: दरबारी. पण तो उत्तररात्रीकडे झुकणारा राग, संध्याकाळी नको. त्याची बैठक वेगळी करू, जेवणं आटोपल्यावर.

सेक्रेटरी: दहानंतर आवाज करता येत नाही, नियम आहे. दरबारी नऊला सुरू करा, मीही येईन.