हॅमट्रॅमकचे येमेनी ‘गोरे’ कसे? वंशाचे रकाने ठेवावेत की काढून टाकावेत?

ट्रॉयवाली

आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो. डेट्रॉइटकडे जाता-येता हॅमट्रॅमकला थांबणं होतं. गाव केवढं, तर जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटर, जवळजवळ सगळ्या बाजूंनी डेट्रॉइटने वेढलेलं. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २८,४३३. कोनांट अव्हेन्यूवर बंगाली पाट्या, सिल्हेटी बोलणारे दुकानदार. थोडं पुढे जोसेफ कँपाऊवर अरबी पाट्या. आणि या सगळ्यात पोलिश बेकऱ्याही आहेत. लेंटचा उपवास सुरू व्हायच्या आधी तिथे पूंचकीसाठी (आत जॅम भरलेले, तळलेले गोल पाव) पहाटेपासून रांगा लागतात.

लेकाला शाळेत प्रोजेक्ट आहे, ‘एका छोट्या गावाची वांशिक रचना’. त्याने हॅमट्रॅमक निवडलं. २०१० चा तक्ता काढला तर गोरे सुमारे ५४ टक्के, आशियाई २१-२२, काळे १९. तो मला विचारतो, “आई, हे चोपन्न टक्के गोरे राहतात कुठे?”

शोधल्यावर कळलं ते असं. सरकारी व्याख्येत युरोप, मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिकेत मूळ असलेला प्रत्येक माणूस ‘गोरा’. म्हणजे पोलिश आजी गोरी, बॉस्नियन ट्रकवाला गोरा, अल्बेनियन गोरा आणि येमेनहून आलेलं कुटुंबही गोरंच. शुक्रवारी त्याच येमेनी माणसाच्या शेजारी नमाजाला उभा राहणारा बांगलादेशी मात्र ‘आशियाई’, म्हणजे चिनी, कोरियन आणि माझ्या रकान्यात.

माझं स्पष्ट मत आहे की असा तक्ता गाव दाखवत नाही, झाकतो. येमेनी, बांगलादेशी, पोलिश असे वेगळे रकाने हवेतच. हा नुसता अस्मितेचा प्रश्न नाही. २०११ पासून इथे मतपत्रिका बंगालीतही द्यायचं बंधन आलं. अरबीसाठी तसं बंधन नाही, कारण अरब कागदावर गोरे! तुम्हाला काय वाटतं?

कृष्णाकाठ

ताई, रकाने वाढवून काय होणार? मुळात वंश मोजायचाच कशाला?

आपलंच उदाहरण घ्या. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तुम्ही ‘गोरे’ नाही, नागरिकत्व मिळणार नाही. १९२० ते १९४० च्या जनगणनांत ‘हिंदू’ हा चक्क एक वंश होता, त्यात शीख आणि मुसलमानही बसवले. १९७० ला आपल्याला गोऱ्यांत घातलं. १९८० ला ‘एशियन इंडियन’ असा नवा रकाना आला. एखादा पंजाबी शेतकरी कॅलिफोर्नियात त्याच शेतावर राहिला असेल आणि कागदावर तीनदा वंश बदलून मेला असेल. जी गोष्ट दर वीस-तीस वर्षांनी सरकार बदलू शकतं, तिला तुम्ही सत्य कसं मानता?

फ्रान्समध्ये जनगणनेत वंश विचारतच नाहीत. जन्म कुठे झाला, घरात कोणती भाषा बोलता, एवढं विचारा. हॅमट्रॅमकचं खरं चित्र त्यातून जास्त चांगलं दिसेल.

रेघ

ट्रॉयवाली, भावना पोचली, पण मतपत्रिकेचा मुद्दा चुकलाय. अरबी वगळली गेली ती गोरेपणामुळे नाही. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यात १९७५ साली भाषेची तरतूद आली, तेव्हा कायद्यातच चार गट नावानिशी लिहिले: स्पॅनिश वारशाचे, आशियाई, अमेरिकन इंडियन (म्हणजे तिथले आदिवासी) आणि अलास्काचे मूळ रहिवासी. बंगाली ‘आशियाई’त बसली, अरबी कशातच बसली नाही. जनगणनेचा फॉर्म उद्या बदलला तरी काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) कायदा बदलल्याशिवाय अरबी मतपत्रिकेचं बंधन येणार नाही.

दुसरं, २०२० च्या फॉर्मवर ‘गोरा’ या चौकटीखाली मूळ लिहायला जागा होती, उदाहरणांत जर्मन, आयरिश यांच्यासोबत लेबनीज आणि इजिप्शियनही होते. ते तपशील २०२३ मध्ये निघाले. मुलाला २०१० चा तक्ता बाजूला ठेवून ते बघायला सांगा. शिवाय मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका असा वेगळा गट करायचं ठरवलं आहे.

ट्रॉयवाली

रेघ, धन्यवाद, हे मला ठाऊक नव्हतं. मतपत्रिकेचं वाक्य मी मागे घेते. बाकी मत तेच.

जुना फौंड्रीवाला

मी तीसेक वर्षं डेट्रॉइट भागात मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यात काढली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे गाव मोटारींनी उभं केलं. १९१० ला वस्ती ३,५५९. त्याच सुमारास डॉज बंधूंचा कारखाना आला आणि १९२० ला तीच वस्ती ४८,६१५ झाली! आलेले बहुतेक पोलिश. १९३० ला ५६,२६८, आजच्या जवळपास दुप्पट. १९८० च्या जानेवारीत तो कारखाना बंद पडला. पोलिश पोरं उपनगरांत गेली, रिकाम्या घरांत येमेनी, बॉस्नियन आणि न्यूयॉर्कची घरभाडी न परवडणारे बांगलादेशी आले. पोप जॉन पॉल दुसरे १९८७ ला इथे येऊन गेले. पुढे २००४ मध्ये त्याच गावात ध्वनिक्षेपकावरून अजान द्यावी की नाही यावर मतदान झालं आणि परवानगी कायम राहिली.

आता कृष्णाकाठ, तुमच्यासाठी. या गोष्टीत काळे लोक कुठे आले? तेही पहिल्यापासून इथे होते. १९६० च्या दशकात ‘शहर सुधारणे’च्या नावाखाली त्यांच्या वस्त्या पाडल्या आणि जागा दुसऱ्या कामांना दिल्या. १९६८ मध्ये सारा सिम्स गॅरेट आणि इतर रहिवासी कोर्टात गेले. १९७१ मध्ये न्यायाधीश डेमन कीथ यांनी निकाल दिला की गावाने काळ्या लोकांना ठरवून बाहेर काढलं. घरं बांधून द्यायचा आदेश झाला, पण ती पुरी व्हायला चाळीसेक वर्षं गेली. कित्येक घरांच्या किल्ल्या मूळ कुटुंबांच्या मुला-नातवंडांच्या हाती पडल्या.

जन्मस्थान विचारलं असतं तर हे लोक ‘अमेरिका’, भाषा विचारली असती तर ‘इंग्रजी’. म्हणजे तुमच्या फॉर्ममध्ये ते शेजारच्या पोलिश माणसाच्या नातवापासून वेगळे दिसलेच नसते. घर मात्र यांचं पडलं, त्याचं नाही. हे कोर्टापुढे मांडायचं कसं?

कृष्णाकाठ

काका, या उदाहरणाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. अन्याय मोजायला रकाना लागतो, हे मान्य.

पण रकान्याचं पुढे काय होतं तेही बघा. २०१५ ला तिथल्या कौन्सिलमध्ये मुस्लिम बहुमत झालं, २०२२ ला महापौरासकट सगळे मुस्लिम. देशभर तीच बातमी. जनगणनेत धर्म विचारतच नाहीत, तरी अख्ख्या गावाची ओळख एका शब्दात झाली. येमेनी आणि बांगलादेशींचं राजकारण वेगळं आहे, त्यांच्यातही गट आहेत, हे कोणी लिहिलं? जून २०२३ मध्ये सरकारी खांबांवर प्राइड झेंडा (समलैंगिकांच्या हक्कांचा) लावायला बंदी झाली तेव्हाही निर्णय कौन्सिलचा होता, पण बाहेर चर्चा ‘त्या लोकां’ची झाली.

आणि घरचं बघा. आपल्याकडे २०२७ च्या जनगणनेत जात विचारणार आहेत, १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्यांची. एका ‘कुणबी’ नोंदीसाठी निजामकाळातली मोडी दप्तरं उघडली गेली. माझ्या आजोळी दोन सख्ख्या चुलत भावांच्या घरात एकाला नोंद सापडली, दुसऱ्याला नाही. दोघांची शेती एका बांधाला. आता घरात त्यावरून बोलणं नाही. रकाना माणसाला असा कापतो, हे मी डोळ्यांनी पाहतोय.

रेघ

पण ते भांडण नोंदीनं लावलं की नोंदीवर टांगलेल्या सवलतीनं?

कृष्णाकाठ

दोन्ही वेगळं करता येतं का? सवलत नसती तर दप्तर कोणी उघडलं असतं?

ट्रॉयवाली

फौंड्रीवाले काका, गॅरेट खटल्याबद्दल मी दहा वर्षं इथे राहून पहिल्यांदा वाचलं. लाज वाटली. मी येमेनी-पोलिश करत बसले आणि तक्त्यातल्या १९ टक्क्यांकडे बघितलंच नाही, तो रकाना मला ‘बरोबर’ वाटला म्हणून. कृष्णाकाठ, तुमच्या आजोळचं वाचून वाईट वाटलं. तरी रकाने काढून टाकावेत असं मला अजून वाटत नाही.

लेकाने तक्त्याच्या शेजारी आणखी एक स्तंभ आखलाय, ‘कधी आले आणि का आले’. काळ्या कुटुंबांच्या ओळीत काय लिहू असं तो विचारत होता. मी त्याला काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्याने तिथे लिहिलंय, ‘आधीपासून होते. काढलं. परत आले.’

कृष्णाकाठ

तो स्तंभ पुरा झाला की इथे टाका. मला तो पहिल्या स्तंभाशिवाय वाचून बघायचा आहे.